जुन्या तबकड्या आणि त्यांचे वाचक

करमाळ्याच्या पूर्वेस देवीचा माळ आहे. तेथें कमलाभवानीचें जें देऊळ रावरंभा निंबाळकरांनीं अठराव्या शतकांत बांधविलें, त्यास जाणाऱ्या यात्रेकरूस ९६ या आंकड्याचें माहात्म्य प्रथम ऐकावें लागतें. खांब ९६, ओवऱ्या ९६ आणि जवळच्या विहिरीच्या पायऱ्याहि ९६, असें तेथील मंडळी अभिमानानें सांगतात. आम्हीं त्या पायऱ्या दोन वेळां मोजल्या. दोन्ही वेळां बेरीज एकदोनांनीं चुकली. दोष अर्थात् आमच्या धापेचा, पायऱ्यांचा नव्हे. गेल्या वर्षीं याच गांवीं एका पत्र्याच्या डब्याच्या निमित्तानें ९६ चा हा आंकडा पुनः आमच्यापुढें उभा राहिला. मात्र या खेपेस त्याचा वेष इतका निराळा होता कीं, ओळख पटण्यास कांहीं वेळ लागला.

डब्याची हकीकत अशी. आमचे एक स्नेही करमाळा तालुक्यांतील एका शाळेंत मराठी शिकवीत असत. भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि नदीकांठचीं कितीएक गांवें आपल्या चावड्या, पार व देवळें पाण्याखालीं सोडून उंचवट्यावर येऊन बसलीं. आमच्या स्नेह्यांच्या मनानें असें घेतलें कीं, गांवाबरोबर घरें गेलीं तशी बायकांच्या तोंडची जात्यावरची ओवीहि जाणार. १९९२ पासून पुढें नऊदहा वर्षें सुटीच्या दिवशीं सायकलीवरून ते या नव्या वस्त्या फिरले. ओव्या प्रथम वह्यांत उतरल्या, नंतर संगणकावर टंकून फ्लॉप्यांवर सांठविल्या. वह्या वाळवीनें खाल्ल्या. स्नेहीहि गेले. त्यांच्या कन्येनें तो डबा आमच्या पुढ्यांत ठेवला आणि म्हणाली, "काका, बाबांचं एवढंच राहिलंय. फेकवत नाही, आणि वाचताही येत नाही. तुम्हीच बघा."

डब्यांत सवापांच इंची नऊ फ्लॉप्या होत्या, साडेतीन इंची चौदा, आणि कागदाचें लेबल चिकटविलेल्या दोन सीड्या. प्रत्येकीवर स्नेह्यांच्या वळणदार अक्षरांत गांवाचें नांव व ओव्यांचा विषय. आम्ही इतिहासाचे अध्यापक. जुनें दप्तर हातीं आलें म्हणजे हात आपोआप पुढें होतो. पण हें दप्तर उजेडासमोर धरून दिसेना, भिंगाखालीं दिसेना. त्याला वाचक पाहिजे होता, आणि तो संगणकाच्या पोटांत बसविलेला घ्यावा कीं तारेनें बाहेरून जोडावयाचा घ्यावा, हा प्रश्न पहिल्याच दिवशीं उभा राहिला. दुकानदार म्हणाला, "सर, आता सगळं बाहेरचंच मिळतं." त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. तें अपुरें मात्र होतें, आणि तें अपुरें कां होतें हें कळण्यास आम्हांस या वस्तूचा इतिहास धुंडाळावा लागला.

मौज अशी कीं, फ्लॉपीचा वाचक जन्मला तो आंतलाच. १९७१ सालीं आयबीएम कंपनीनें आपल्या मोठ्या गणकयंत्रांस सुरुवातीच्या आज्ञा भरविण्यासाठीं आठ इंची लवचिक तबकडी काढली. तिच्यांत जेमतेम ८० किलोबाइट मजकूर मावे आणि यंत्र तो केवळ वाचूं शके, लिहूं शकत नसे. गिऱ्हाइकास तिचें दर्शन घडण्याचें कारणच नव्हतें. देवाच्या गाभाऱ्यांतील समईसारखी ती आंत बसलेली असे. १९७६ सालीं शुगार्ट यांच्या कंपनीनें सवापांच इंची तबकडीचा ड्राइव्ह बाजारांत आणला आणि फ्लॉपी टेबलावर आली. येथून आंत-बाहेर हा झगडा सुरू होतो.

१९७८ सालचा अॅपलचा डिस्क-टू हा ड्राइव्ह निराळ्या पेटींत असे व पट्टीसारख्या चपट्या केबलनें यंत्रास जोडला जाई. कमोडोरचा १९८२ सालचा १५४१ हा ड्राइव्ह तर याच्याहि पुढें गेला. त्याच्या पेटींत स्वतःचा स्वतंत्र प्रक्रियक होता, म्हणजे यजमानाच्या घरीं आलेला पाहुणा आपला स्वयंपाकी बरोबर घेऊन यावा, तसा हा प्रकार. उलट १९८१ सालच्या आयबीएम पीसीनें ड्राइव्ह पुढल्या दर्शनी बाजूस पोटांतच बसविले; तरी त्या यंत्राच्या फ्लॉपी-कार्डावर मागल्या बाजूस ३७ टोकांची एक जोडणी बाहेरच्या ड्राइव्हसाठीं राखलेली होती. हा शहाणपणा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. ज्यांनीं आंतला पक्ष घेतला त्यांनींहि बाहेरचें दार बुजवून टाकलें नव्हतें. पुढें पीसीची नक्कल जगभर झाली, आंतला ड्राइव्ह हा नियम ठरला, आणि आपल्याकडे कॉलेजांतून व कचेऱ्यांतून १९९० च्या सुमारास जीं यंत्रें आलीं त्यांत एक सवापांच इंची व एक साडेतीन इंची असे दोन ड्राइव्ह एकाखालीं एक बसविलेले असत.

साडेतीन इंची तबकडी सोनीची. १९८४ च्या मॅकिंटॉशनें ती लोकांत रूढ केली व १९८७ पासून तिच्यावर १.४४ मेगाबाइट मजकूर मावूं लागला. झिप वगैरे तबकड्या १९९४ नंतर आल्या व गेल्या. त्यांच्या वाट्यास आमच्या तालुक्यांत तरी कोणी गेल्याचें ऐकिवांत नाहीं. १९९६ सालीं यूएसबीची जोडणी निघाली, १९९८ च्या आयमॅकमधून अॅपलनें फ्लॉपीचा ड्राइव्ह काढूनच टाकला, आणि ज्यांस फ्लॉपी हवी त्यांनीं ती बाहेरून लावावी असा नवा शिरस्ता पडला. पुढें मदरबोर्डावरची ३४ टोकांची फ्लॉपीची जागाहि नाहींशी झाली. सोनीनें २०११ च्या मार्चमध्यें जपानांत फ्लॉप्यांची विक्री थांबविली. तरी सरकारी कामांत फ्लॉपी सादर करण्याचे नियम त्या देशानें रद्द केले ते २०२४ सालीं. कागदपत्रांच्या बाबतींत सरकारें सर्वत्र सारखींच.

आतां दुकानदाराच्या वाक्याकडे परत येऊं. यूएसबीनें जोडावयाचा बाहेरचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो हें खरें. पण तो साडेतीन इंची तबकडीचाच. सवापांच इंचीसाठीं तसा ड्राइव्ह बाजारांत कोणी आणलाच नाहीं. याचीं कारणें दोन. त्या मोठ्या तबकडीची मोटर १२ व्होल्टवर फिरते, आणि यूएसबीच्या तारेंतून मिळतात ५ व्होल्ट. दुसरें कारण अधिक खोल आहे. बाहेरच्या ड्राइव्हच्या पेटींत त्याचा नियंत्रक बसविलेला असतो, आणि त्याला ठराविक दोनतीन घडणीच्याच तबकड्या ओळखतां येतात. तो यजमान संगणकास तयार मजकुराचे तुकडे देतो. तुकडा खराब असेल तर "वाचतां येत नाहीं" एवढें सांगून मोकळा होतो. आंतला ड्राइव्ह असें करीत नाहीं. त्याची सर्व सूत्रें संगणकाच्या हातीं असतात. पुनः पुनः वाच, घडण बदलून पाहा, अशी आज्ञा त्यास देतां येते. एक कारकून सारांश लिहून पाठवितो आणि दुसरा मूळ कागद आणून पुढें ठेवतो, त्यांतला हा फरक.

तरीहि आम्हीं प्रारंभ केला तो बाहेरच्या ड्राइव्हनेंच, कारण तो स्वस्त होता व दुसऱ्या दिवशीं घरपोंच आला. चौदांपैकीं पहिल्या दोन साडेतीन इंची फ्लॉप्या त्यानें विनातक्रार वाचल्या. घरांत उत्सव झाला. तिसरी फ्लॉपी घातली. पडद्यावर इंग्रजींत एक सूचना उमटली. तिचा भावार्थ असा कीं, वापरण्यापूर्वीं तबकडीची आंखणी करणें जरूर आहे, करावी काय? पहिल्या दोन यशांच्या धुंदींत ती सूचना नीट न वाचतांच आम्हीं होकार दिला. ड्राइव्ह मिनिटभर खडखडला. शांत झाला. तबकडी कोरी झाली होती. तिच्यावर लेबल होतें: "कुगांव. माहेरच्या ओव्या."

आयुष्यभर आम्ही विद्यार्थ्यांस सांगत आलों कीं, अस्सल कागदावर पेन्सिलीचीहि खूण करूं नये. आणि येथें आम्ही अस्सलच पुसून बसलों. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यांत एक सरकतें झांकण असतें. तें सरकवून भोंक उघडें ठेवलें म्हणजे तिच्यावर लिहितां येत नाहीं. सवापांच इंचीच्या बाजूस खांच असते. ती चिकटपट्टीनें बुजविली म्हणजे तेंच काम होतें. एकीचें भोंक उघडावयाचें, दुसरीची खांच झांकावयाची, असा हा उलटा कारभार आहे. पण ही खबरदारी ड्राइव्ह निवडण्याच्याहि आधींची आहे, आणि ती आम्हीं घेतली नव्हती. स्नेह्यांच्या कन्येस आम्हीं त्याच रात्रीं फोन करून सांगितलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "बाकीच्या सावकाश करा, काका." रागावली असती तर आम्हांस बरें वाटलें असतें.

सावकाश म्हणजे कसें, हें आम्ही त्यानंतर शिकलों. आमच्या ओळखीच्या एका विद्यालयाच्या अडगळींत जुना संगणक पडलेला होता. त्याच्या पोटांत दोन्ही मापांचे ड्राइव्ह शाबूत होते. त्याची हार्ड डिस्क मेली होती व घड्याळाची बॅटरीहि संपलेली होती. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें, जो हल्लीं जेऊरला दुरुस्तीचें दुकान चालवितो, तो उघडून धूळ काढली, ड्राइव्हचीं डोकीं स्पिरिटानें पुसलीं आणि डॉसच्या एका फ्लॉपीवरून यंत्र चालू केलें. बुरशी लागलेली फ्लॉपी आधीं घालूं नये, तिची घाण डोक्यास लागून पुढल्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे उठतात, हेंहि त्यानेंच सांगितलें. यंत्रानें आवाज केला तो आमच्या पिढीच्या कानांस ओळखीचा. खरखर, टकटक, पुनः खरखर.

हा सवापांच इंची ड्राइव्ह १.२ मेगाबाइटचा निघाला, आणि येथें तो ९६ चा आंकडा आम्हांस भेटला. या जातीच्या ड्राइव्हचें डोकें एका इंचांत ९६ वाटा या हिशेबानें चालतें. त्याच्या आधींच्या ३६० किलोबाइटच्या तबकड्यांवर त्याच इंचांत ४८ च वाटा असत, म्हणजे प्रत्येक वाट दुप्पट रुंद. ९६ च्या ड्राइव्हनें ४८ ची तबकडी वाचतां येते. तो एक वाट सोडून एक वाट चालतो, इतकेंच. पण तिच्यावर त्यानें लिहिलें, तर रुंद वाटेच्या मधोमध अरुंद नवी रेघ उमटते आणि जुन्या मजकुराच्या कडा दोन्ही अंगांस तशाच राहतात. मग जुना ड्राइव्ह ती वाचावयास गेला कीं दोन्ही लेख एकदम ऐकूं येऊन त्याचा गोंधळ उडतो. म्हणून वाचावें, लिहूं नये. देवीच्या माळावरील मंडळींस हा योगायोग आम्हीं सांगितला, तेव्हां त्यांपैकीं कोणासच आश्चर्य वाटलें नाहीं.

नऊ सवापांच इंची फ्लॉप्यांपैकीं सात वाचल्या गेल्या. मजकूर त्याच यंत्रांत साडेतीन इंची कोऱ्या फ्लॉप्यांवर उतरविला व त्या घरीं आणून बाहेरच्या ड्राइव्हमधून आजच्या संगणकावर चढविल्या. म्हणजे वाचण्याचें काम आंतल्यानें केलें आणि वाहून नेण्याचें बाहेरच्यानें. सीड्यांचें तसेंच थोडें झालें. त्यांवर स्नेह्यांनीं बायकांचा आवाज मुद्रित केला होता. पहिली सीडी बाहेरच्या पातळ ड्राइव्हनें वाचली. मात्र त्याला एका यूएसबी तोंडाची वीज पुरेना, दोन टोकांची केबल लावावी लागली. दुसरीचें लेबल एका बाजूस सुटल्यामुळें ती फिरतांना थरथरे आणि पातळ ड्राइव्ह तिला बाहेर टाकी. तीच सीडी जुन्या यंत्रांतील जड आंतल्या ड्राइव्हनें निमूटपणें स्वीकारली. सगळ्या सीड्यांना हाच नियम लागेल असें आम्ही म्हणत नाहीं.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असा डबा असेल, आणि असा डबा नाहीं असें घर आमच्या पिढीच्या मध्यमवर्गांत विरळा, त्यांस आमचें मत विचारल्यास तें असें. साडेतीन इंची फ्लॉप्या पांचपंचवीस असतील, नित्याच्या घडणीच्या असतील, तर बाहेरचा ड्राइव्ह घ्यावा. त्यासाठीं यंत्र उघडण्याची यातायात करूं नये. सवापांच इंची असतील तर आंतल्या ड्राइव्हवांचून गति नाहीं. अलीकडे एक तिसरा मार्ग निघाला आहे. आंतला म्हणून बनविलेला जुना ड्राइव्ह उघडाच टेबलावर मांडावयाचा, त्यास निराळी वीज द्यावयाची, आणि ग्रीझविझल किंवा क्रायोफ्लक्स नांवाच्या एका लहानशा सर्किट-पाटीमार्फत तो यूएसबीस जोडावयाचा. ही पाटी मजकूर मागत नाहीं. तबकडीवरील चुंबकत्व कोठें कोठें उलटतें एवढीच नोंद ती उतरून घेते, आणि अर्थ लावण्याचें काम पुढें सावकाश करतां येतें. राजवाड्यांच्या शिष्यानें फाटका कागद आधीं जसाच्या तसा उतरावा व पाठभेदाचा विचार मागून करावा, तशी ही रीत आहे. आमच्या न वाचल्या गेलेल्या दोन फ्लॉप्यांसाठीं आम्हीं ही पाटी मागविली आहे.

राजवाड्यांचें नांव आलें म्हणून सांगतों. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं गांवोगांवचीं दप्तरें शोधून "मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें" यांचा पहिला खंड १८९८ सालीं छापला व पुढें ते खंड २२ झाले. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसायांनीं १९३० ते १९३४ च्या दरम्यान ४५ खंडांत काढले. हीं दोन्ही कामें मोडी वाचणारीं माणसें मिळालीं म्हणून झालीं. एके काळीं मोडीचा वाचक प्रत्येक कुळकर्ण्याच्या घरांतच असे. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून उठली आणि वाचक बाहेरून बोलवावा लागूं लागला. घरांत रुमाल आहे, बांधलेला आहे, वतनाचा आहे, आणि तो सोडून वाचणारा पंचक्रोशींत नाहीं, अशीं घरें आम्हीं करमाळ्यास पाहिलीं आहेत.

पण हा दृष्टान्त फार ताणूं नये. मोडी विसरलेल्या घरांतील एखादी चिकाटीची मुलगी कांहीं महिने मनावर घेईल तर ती पुनः शिकते. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांनीं असे अभ्यासू घडविले आहेत. कागदावरील शाई डोळ्यांस दिसते, वाचण्याचें साधन आपल्याच कपाळाखालीं आहे. फ्लॉपी वाचण्यास कोणताहि डोळा पुरत नाहीं. तिचा वाचक कारखान्यांत घडतो, आणि कारखाना बंद झाला कीं जे आहेत तेवढेच उरतात. प्रत्येक वर्षीं त्यांतले कांहीं भंगारांत जातात. १६८० सालचा कागद वाचण्यास आम्हांस जेवढी यातायात पडली नाहीं तेवढी १९९२ सालच्या फ्लॉपीसाठीं पडली.

आणि फ्लॉपी वाचली म्हणजे मजकूर वाचला असेंहि नव्हे. सात फ्लॉप्यांतील मजकूर आजच्या संगणकावर उघडला तेव्हां ओव्यांच्या जागीं इंग्रजी अक्षरें, टिंबें आणि चित्रविचित्र खुणा दिसल्या. कारण स्नेह्यांनीं तो टंकला त्या यंत्रांत पुण्याच्या सी-डॅकचें जिस्ट कार्ड बसविलेलें होतें. सी-डॅकची स्थापना १९८८ सालची. देवनागरी दाखविण्याची शक्ति त्या कार्डांत असे, यंत्रांत नव्हे. कार्ड काढलें कीं यंत्राची मराठी गेली. सुदैवानें त्याचा संकेत "इस्की" हा होता. भारतीय मानक ब्यूरोनें तो १९९१ सालीं प्रमाण ठरविला असल्यामुळें त्याचें कोष्टक छापील मिळतें आणि युनिकोडमध्यें रूपांतर करणें सोपें जातें. साडेतीन इंची फ्लॉप्यांवरील नंतरचा मजकूर मात्र एका खाजगी फाँटांत होता. त्याचें कोष्टक आमच्या विद्यार्थ्यांनीं एकेक खूण ताडून, "सीता" व "जातें" हे शब्द ओवींत कोठें येणार याचा अदमास बांधून, महिनाभरांत तयार केलें. शिलालेख वाचणाऱ्यांची हीच पद्धत. असला उद्योग मोठ्या प्रमाणावर ज्यांनीं केला, त्या हेमा राईरकर व गी पॉइटव्हॅं यांच्या संग्रहांत लाखावर ओव्या जमा झाल्या व सुमारे १२० तासांचें ध्वनिमुद्रण झालें. तें धन आज सर्वांस खुलें आहे. आमच्या स्नेह्यांचा डबा त्यापुढें ओंजळभर. तरी ती ओंजळ दुसऱ्या कोणाची नाहीं.

कुगांवच्या फ्लॉपीस मात्र आंतला, बाहेरचा, कोणताच ड्राइव्ह उपयोगी नाहीं. जेऊरच्या त्या विद्यार्थ्याकरवीं आम्हीं वस्तींत चौकशी केली. ज्यांनीं स्नेह्यांस ओव्या सांगितल्या होत्या त्यांपैकीं एक आजी हयात आहेत. वय नव्वदीच्या घरांत, कान चांगले आहेत. पाऊस संपला कीं येतों, असा निरोप आम्हीं पाठविला. नातवानें उलट निरोप आणला: "आजी म्हनती, या खुशाल. पर जात्याबिगर वव्या आठवत न्हाईत, आन् जातं तर धरनात गेलं." तेव्हां आधीं एखादें जातें मिळविणें आलें. करमाळ्याच्या शुक्रवारपेठेंत कीं कोठें, चौकशी चालू आहे.